पाळतीचे पैसे

आई,

मी लवकर निघते आहे, तुम्हाला उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

काल कुण्या भामट्याने माझ्या नावावर मागितलेल्या कर्जासाठी पत्ता तपासायला फायनान्स कंपनीचा तो टायवाला आला, आणि तुम्ही त्याला दारातच उभं केलंत. "आमची सून छत्रीसुद्धा हप्त्यावर घेत नाही. हे कर्ज तिचं नाही, लिहा तसं!" आणि त्याने निमूटपणे लिहिलं. संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातून फोन आला, अर्ज रद्द झाला.

बँकेतली मैत्रीण म्हणते, दरमहा पैसे भरून एक सेवा घे. आपल्या नावावर कुणी कर्ज मागितलं की मोबाईलवर सूचना येते. मी सगळी माहिती वाचली. सूचना येते, पण दारात कुणी उभं राहत नाही. फोन कुणाचा, पार्सल कसलं, उशीर का झाला, हे तर ते विचारतही नाहीत. रविवारी भांडताना मी ज्याला तुमचं नाक खुपसणं म्हटलं, त्याच्या निम्म्या कामाचे हे लोक महिन्याला पैसे घेतात.

तुम्ही उद्या भावजींकडे कायमच्या राहायला गेलात, तर मला ती सेवा घ्यावी लागेल. तुमच्यापुढे ती म्हणजे अगदीच पाणचट.

पैसे अजून भरलेले नाहीत. हॉलमधली तुमची बॅग मात्र रिकामी करून माळ्यावर टाकली आहे. शिडी शेजाऱ्यांकडे दिली आहे.

दुपारी माझं पार्सल येईल. उघडून बघा.

तुमची सून