तुळशीतली काळी रेती

सोम., ३ नोव्हें.
रविवारी सुमनचं वर्षश्राद्ध. केतकी पुण्याहून येणार. "बाबा, आईच्या रेतीत भाजलेले दाणे हवेत," म्हणाली होती. रेती धुऊन ठेवावी म्हणून पाहिलं, तर डबा घासून पालथा घातलेला. कामाला येणाऱ्या मंगलताईंना फोन केला. "ती जळकी रेती ना, काका? तुळशीत टाकली. म्हटलं, आता कोन वापरतंय." खरंच आहे. तरी फोन ठेवल्यावर रडू आलं. सु.ने लग्नानंतर रत्नागिरीहून, माहेरच्या किनाऱ्यावरून पिशवीत आणलेली रेती.

मंगळ., ४
तुळस उपटून कुंडी ओतली. थाळ्यात पाणी घालून माती हलवत बसलो. माती वाहून जाते, काळे कण जड, तळाशी राहतात. इल्मेनाइट, लोखंड-टायटॅनियमचं खनिज. अंबरनाथच्या कारखान्यात, लॅबमध्ये, नोकरीभर हेच तपासलं. त्यातून रंगासाठी पांढरी पूड काढायचो. सु. म्हणायची, "माझ्या माहेरच्या रेतीला गोरं करायचा पगार घेता."
फ्रिजवरचं चुंबक फिरवलं. इल्मेनाइट असल्या चुंबकाला दाद देत नाही.

गुरु., ६
सिंधी वस्तीतल्या, कॅम्प पाचच्या भंगारवाल्याकडून हार्ड डिस्कमधलं जबर चुंबक आणलं. "साईं, उंगली संभालना. करना क्या है?" म्हटलं, बायको की रेती निकालनी है. त्याने चहा मागवला. कोणाबरोबर चहा घेऊन किती दिवस झाले...

शुक्र., ७
वाटीभर जमली. मग शंका आली. कुंडीत भरलेली माती सोसायटीमागचीच; तिथली आणखी आणून तशीच धुतली. तिच्यातही तेच काळे कण. असणारच. बदलापूरचा काळा कातळ, त्यात इल्मेनाइट असतंच. कोकणच्या किनाऱ्यावरही ते असल्याच कातळातून झिजून जातं. मग वाटीत तिची किती, इथली किती? समुद्राचे कण गुळगुळीत असतात. भिंग घेऊन बसलो, पण मोतीबिंदूपुढे इलाज नाही.

शनि., ८
केतकीचा फोन. सुट्टी मिळत नाही. "पुढच्या महिन्यात नक्की, बाबा." बरं म्हटलं. रेतीचं सांगितलं नाही.

रवि., ९
गुरुजी येऊन गेले. दुपारी त्याच रेतीत दाणे भाजले. थोडे करपले. सु.चे कधी करपत नसत. मंगलताईंना दिले, केतकीचे डब्यात ठेवलेत.
तुळस परत लावली आहे. उरलेली रेती तिच्या मुळाशीच असणार. मान टाकली आहे तिने. धरते का बघू.