दुपारची रिकामी बस

भिलाई, मंगळवार, एप्रिल १९६१

कारखान्याच्या बसगाड्यांचा अहवाल सकाळी वेळेत दिला. आमच्या रिसाली वसाहतीतून दुपारी कारखान्यात येणारी बस रिकामी धावते, ती बंद करून गाडी रात्रपाळीला द्यावी, असं लिहिलं. साहेबांनी लगेच मंजूर केलं. मी खूशही झालो.

संध्याकाळी शेजारच्या कमलाबाई फाटकापाशी आल्या. त्यांचे यजमान भट्टीवर आहेत.

"भाऊजी, डायवर म्हणे उद्यापासून दुपारची बस बंद. कावून?"

"रिकामी असते, वहिनी."

"रिकामी कशी? साऱ्या गल्लीचे डबे जातेत त्यात, मागच्या बाकाखाली! आता का उन्हात डोक्यावर घेऊन जावं आमी?"

मागच्या बाकाखाली. मी त्या बसमधून स्वतः गेलो होतो, पुढे बसून, माणसं मोजत. वरणाचा वासही आला होता. ड्रायव्हरचा डबा असेल म्हटलं. एकदा मागच्या बाकापर्यंत गेलो असतो तर? माझं जेवण रोज घरी, गरम.

उद्या सकाळीच साहेबांना सांगायचं, अहवाल चुकला. ते चिडतील, चिडू देत. पण कमलाबाई जाताना म्हणाल्या, "साहेब तुमचं ऐकते. आमच्यासाठी तेवढा शब्द टाका ना."

आणि मी, उपकार केल्यासारखं, "बघतो" म्हणालो.