रुमाल पुढे करायचा नाही

४ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

आनुवंशिक आजारांच्या समुपदेशनाचा वर्ग सुरू झालाय. काल माझी पहिली सराव-बैठक होती. वर्गातलीच एक जण रुग्णाचं सोंग घेऊन बसली आणि बाई कोपऱ्यातून पाहत होत्या. ती खोटंखोटं रडू लागली तशी मी चटकन कागदी रुमालांचा डबा तिच्यापुढे सरकवला. बाई म्हणाल्या, डबा सरकवला की माणसाला वाटतं, आता आवरा. तो हाताशी असू द्यावा आणि आपण गप्प बसावं. गप्प, ताई! मी!

बरं, तुझ्या तपासणीचं काय? आई गेली, मावशी गेली, आणि स्तनाच्या कर्करोगाचा तो जनुकदोष माझ्यातही निघाला. तुझ्यात असायची शक्यता निम्मी आहे. वेळेवर कळलं तर उपाय आहेत. लगेच उत्तर धाड.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या बाईंनी तुला गप्प बसवलं तर मी येऊन त्यांना हात जोडेन. आईला काही ते जमलं नाही. तुझं पत्र आल्यापासून बेकरीत लक्ष लागत नाही, दोनदा पाव करपले. मला ते कळून घ्यायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकू नकोस. रागावलेले नाही, पण हा विषय पुन्हा नको.

माया आहे तशीच आहे.
ताई

१९ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

पत्र लिहिते आणि फाडते. परक्यांसमोर मला आता गप्प बसता येतं, तुझ्यापुढे नाही. तपासणी कर, कर, कर, असं ओरडावंसं वाटतं. आईच्या वेळी उशीर झाला. मला तू हवी आहेस.

रागाव हवं तर. पण आधीच विचारायला हवं होतं ते आता विचारते. तुला भीती कसली वाटते?

लोभ तुटू देऊ नकोस.
धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

भीती माझ्या छकुलीची. माझ्यात निघाला तर तिच्यातही असेल, आणि तो मीच दिलेला असेल. हे मी तुझ्या भावोजींनाही बोलले नव्हते. तुला लिहावं म्हणून बसले आणि लिहिण्याऐवजी उठून दवाखान्यात गेले.

तिथली समुपदेशक भली होती. सगळं नीट समजावलं. पण मला रडू आलं आणि लगेच डबा पुढे! मी आपलं भिडेखातर आवरलं, आभार मानले, रक्त दिलं आणि घरी आले. ते रडू अजून तसंच अडकून बसलंय. कणीक तिंबताना वर येतं, मी खाली ढकलते.

निकाल पंचवीस तारखेला आहे. भावोजींना नेलं तर ते विनोद करत सुटतील. तू ये. काही सांगू नकोस, नुसती शेजारी बस.

वाट पाहणारी,
ताई

७ जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

चोवीसला संध्याकाळी पोचते. रुमाल आणत नाही. तोंडही बंद ठेवीन, शप्पथ.

फक्त तू रडायला लागलीस की मीही रडेन. बाईंना कळलं तर नापास करतील, करू देत.

तुझीच,
धाकटी