पाच नावं, एक तिथी

९ नोव्हेंबर, शनिवार

यादी वाचत चौथ्या नावापर्यंत आलो आणि कुंचला खाली ठेवला.

"हानसोलची आई," मी हाक मारली, "तिथी चुकलीय तुझी. सगळ्यांसमोर एकच लिहिलीयस."

सूनबाई स्वयंपाकघरात मुळे चिरत होती. सुरीचा आवाज थांबला नाही.

"चुकलेली नाही, बाबा."

कागद पुन्हा पाहिला. पाच ओळी. दहावा महिना, विसावी तिथी — पाच वेळा. गावातल्या साठेक घरांच्या श्राद्धाच्या नावपट्ट्या मी लिहितो. चाळीस वर्षं झाली. तिथी विसरणारे मुलगे पुष्कळ पाहिले; सुना विसरत नाहीत. हे ठाऊक असूनही मूर्खासारखं विचारलं — "सगळे एकाच दिवशी? बोट बुडाली होती का?"

सुरी थांबली.

"नाही. वानराचं वर्ष होतं, बाबा."

वानराचं वर्ष. बारा प्राण्यांच्या चक्रात ते दर बारा वर्षांनी येतं, तरी बोटांवर मोजावं लागलं नाही. १९६८. त्या वर्षी मी तिच्या देशात होतो. तेवीस वर्षांचा.

उजेड कमी आहे, उद्या लिहितो म्हणालो. दुपारचे दोन वाजले होते.

१० नोव्हेंबर

लिहिलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

दिएप व्हिएतनामहून या घरात आली त्याला वीस वर्षं झाली. माझा मुलगा कीनाम मासेमारीच्या बोटीवर. महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे घर तिनेच चालवलं. बायको गेली तेव्हा शेवटचे चार महिने अंथरुणातलं सगळं तिने केलं, नाक न मुरडता. आमच्या घराण्याची सहा श्राद्धं ती दरवर्षी रांधते. कोणत्या आजोबांना कोणता मासा लागत असे, हे मला विचारावं लागत नाही — मीच तिला विचारतो.

स्वतःच्या माणसांचं एकही श्राद्ध तिने इथे मागितलं नव्हतं. यंदा मागितलं. तिची आई येतेय. हानसोल पंचवीस तारखेला सैन्यात भरती होईल, त्याआधी नातवाला पाहायला. तिथी नेमकी तिच्या मुक्कामात पडते.

"पट्ट्या तुम्ही लिहाल ना, बाबा? तुमचं अक्षर आईला दाखवायचंय."

मी मोठ्या ऐटीत हो म्हणालो होतो!

घरी सर्वांना माहीत आहे की तिकडच्या लढाईत मी फौजेचा ट्रक चालवत होतो. खोटं नाही. दोन महिने चालवला. उरलेले दहा नाही.

विहीणबाई सव्वीसला परत जातात. त्याआधी सांगायचं, की न सांगता मरायचं? सांगितलं तर 'बाबा' म्हणणारं एक माणूस या घरातून जाईल. रोज तशी हाक मारणारं दुसरं कोणी नाही.

१३ नोव्हेंबर

विहीणबाई आल्या. पासष्टच्या. माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. पिशवीत वाळवलेले मासे, मिरपूड, हानसोलसाठी विणलेला मफलर. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाल्या.

"आई म्हणते, हात गार आहेत तुमचे. जपा."

जेवताना दिएपने आईला सांगितलं असावं. कारण थोड्या वेळाने —

"आई म्हणते, तेव्हाच्या चिखलात ट्रक चालवायचा म्हणजे हालच झाले असतील."

मी सूप प्यायलो. जीभ भाजली.

१४ नोव्हेंबर

पट्टीवर चिनी अक्षरं लागतात. ती अक्षरं ना दिएपला येतात ना तिच्या आईला. मग अर्थ विचारून मीच शोधायची. दुपारभर तिघं मेजाशी बसलो.

"मुओई?"

"दहावी. दहावं अपत्य. आईची आजी."

दहा लिहिलं.

"ह्वा?"

"फूल. आत्या. आईला केस विंचरून द्यायची ती."

"तान?"

"नवीन. मोठा भाऊ. अकरा वर्षांचा. साऊ म्हणजे सहावा, धाकटा भाऊ — तो चार. पाच वर्षांचाही असेल. आईला नक्की सांगता येत नाही."

आमच्यात लहान मुलांचं श्राद्ध घालत नाहीत. हे मी बोललो नाही. इतकी वर्षं लोकांच्या पितरांची नावं लिहिली. कोण केस विंचरायचं ते कधी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं नुसतं अक्षर चांगलं काढलं.

पाचव्या ओळीत नाव नाही. बाळ होतं. महिना भरल्यावर ठेवणार होते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

किमचीचा दिवस, कोबीचं वर्षाचं लोणचं घालायचा. अंगणात दीडशे कोबी. शेजारणी आल्या, विहीणबाई त्यांच्यात बसल्या. भाषा येत नाही पण हात सगळ्यांत जलद! शेजारची म्हातारी म्हणाली, "या बाईंना इथेच ठेवून घ्या. तिकडे न्यायचं तर आमची सून न्या." सगळ्या हसल्या. कशाला हसतात ते न कळता विहीणबाईही हसल्या.

अकरा वाजता फ्यो आला. आम्ही एकाच तुकडीत होतो. बिल्ल्याची टोपी घालून, माजी सैनिकांच्या मेळाव्याचं बोलावणं द्यायला. विहीणबाईंना पाहून टोपी काढली, मग पुन्हा घातली. मला गोठ्यामागे नेलं.

"काही बोललायस का?"

"नाही."

"बोलू नकोस. शाळेचं छप्पर घातलं आपण, तांदूळ वाटला — ते सांग. तेही खरंच आहे."

"आहे."

"आपण गेलो, त्या पैशातून इथे रस्ते झाले. नाहीतर तुझा कीनाम बटाटे खाऊन मोठा झाला असता."

"फ्यो, तुला झोप लागते?"

"गोळी घेतो," तो म्हणाला. "तू घेत नाहीस? गाढव आहेस."

जाताना विहीणबाईंनी त्याच्या तोंडात किमचीचा घास भरवला. किमचीच्या दिवशी असा भरवतातच. त्यांनी सकाळपासून पाहून उचललं होतं. फ्योने घास चावला. डोळ्यांत पाणी आलं. तिखट आहे म्हणाला.

१७ नोव्हेंबर

हानसोल प्लास्टिकच्या गोळ्यांची बंदूक पुसत बसला होता. मित्राला देऊन टाकणार म्हणे, आता खरी मिळेल. विहीणबाईंनी ती हातात घेऊन तोलली.

"आजी विचारते," दिएप म्हणाली, "खरी पण इतकीच हलकी असते का?"

"जड असते," मी म्हणालो. "भिजली की जास्त."

"आता बंदुकीचं कोण करतं, आजोबा? ड्रोन असतात. पडद्यावर बघायचं, बटण दाबायचं. समोरचा दिसतसुद्धा नाही."

"आम्हालाही दिसायचे नाहीत. मग दिसायचे."

"तुम्ही तर ट्रकवर होता!"

मी उठलो. पडवीत वाळत घातलेली पर्सिमनची फळं उलटी केली. सकाळीच केली होती.

रात्री दिएप सांगत होती, विहीणबाईंच्या भावकीतल्या एकाचा पंजा नाही. १९८३ साली नांगराला जमिनीत राहिलेलं काहीतरी लागलं, फुटलं. दिएपच्या जन्माचं वर्ष. तिकडे म्हणतात, मागचं दार लावा, पुढे बघा. हानसोलने हे ऐकून मान हलवली — त्याला पटलं. विहीणबाई म्हणाल्या, दार लावलं तरी तिथी येतेच.

१८ नोव्हेंबर

चार पट्ट्या झाल्या. पाचवीचे सात कागद फाडले. शेवटी नुसतं 'बाळ' लिहिलं. अक्षर कधी इतकं वाईट आलं नव्हतं. तेच ठेवलं.

१९ नोव्हेंबर

उद्या सांगायचं. श्राद्धाआधी. नंतर सांगणं म्हणजे त्यांच्या पितरांपुढे फसवून बसणं.

२० नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं नाही.

आमचं श्राद्ध मध्यरात्री, त्यांचं भरदुपारी. उकडलेली कोंबडी, भात, केळी. खारवलेल्या माशाच्या रसाचा वास घरभर. विहीणबाईंनी पट्ट्या एकेक करून हातात घेतल्या, वाचता येत नव्हत्या, म्हणून मला वाचायला लावल्या. दहावी. फूल. नवीन. सहावा. बाळ. माझ्या तोंडून.

व्याह्यांच्या पितरांपुढे आपण नमस्कार घालत नाही. गावात कळलं तर हसतील. मी घातला — कपाळ जमिनीला लावून, दोनदा. दुसऱ्या वेळी गुडघ्यांनी उठू दिलं नाही. हानसोलने काखेत हात घालून उभं केलं.

"आई म्हणते, तुम्ही नका इतके कष्ट घेऊ."

हीच वेळ होती. तोंड उघडलं. "पाणी दे," म्हणालो.

पट्ट्या जाळल्या. पाचवी लवकर जळली. कागद पातळ होता.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी हानसोलला केस कापायला शहरात जायचं होतं. सव्वाआठची बस. हा न्हाणीघरात! मी दारावर थाप मारली आणि ओरडलो — "नावा!" बाहेर ये.

विहीणबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"नावा," त्या म्हणाल्या. अगदी आमच्यासारखा उच्चार. एरवी त्यांना आमच्या भाषेतला 'हो'सुद्धा नीट म्हणता येत नाही.

मग मुलीला काहीतरी विचारलं. दिएपने उत्तर दिलं. त्या सावकाश बोलल्या, वाटीकडे बघत.

"आई म्हणते," दिएप म्हणाली, "हा शब्द छप्पन्न वर्षं तिच्याजवळ होता. अर्थ आज कळला. त्या दिवशी भुयाराच्या तोंडाशी कोणीतरी हेच ओरडत होतं. बाकीचे बाहेर गेले. ती घाबरून आतच राहिली."

मी खाली बसलो. म्हणालो, "त्यांना सांग. मीही हेच ओरडायचो. अशाच तोंडांशी उभा राहून. गाव तेच होतं का, माहीत नाही. आमच्या नकाशात गावांना नावं नव्हती, आकडे होते. पण मी ओरडायचो. ट्रकवर नव्हतो."

दिएपने सांगितलं नाही. विहीणबाई तिच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

"सांग," मी पुन्हा म्हणालो.

"मी ऐकलं, बाबा," ती म्हणाली.

हानसोल डोकं पुसत बाहेर आला. बस चुकली.