आठ संघांतून एकेक

इंटरनॅशनल सिटी, दुबई
शनिवार, ८ ऑगस्ट २०१५

प्रिय अर्चना,

फोन सोडून हिने पत्र का लिहिलं, म्हणून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुला एक गोष्ट विचारायची आहे. पण त्याआधी एक सांगायचीय, आणि ती कळल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही याची मला खात्री नाही. सहा वर्षं पोटात ठेवलीय. फोनवर माझ्याच्याने सांगवणार नाही.

आधी घरचं. सत्यजितची नोकरी टिकली आणि पोट सुटलं. तन्मय सतरा वर्षांचा झाला. मी मराठीत ओरडते, तो इंग्रजीत उत्तर देतो. सध्या त्याला अमेरिकेतल्या बेसबॉलचं वेड लागलंय. तिथली रात्र ती आपली सकाळ, म्हणून शनिवारी सहाच्या आत आमच्याकडे चहा आणि लॅपटॉप. त्या दिवशीच्या सामन्यांतून आपला कागदी संघ निवडायचा; खेळाडू तिकडे जे करतील त्याचे गुण इकडे आपल्याला. पैसे लावत नाही गं, फुकटचा खेळ आहे. तरी हरले की माझा अख्खा दिवस वाया जातो, माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

पहिले काही शनिवार मी आपल्या धंद्याच्या अकलेने खेळले. प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि एकूण बजेट ठरलेलं. आपण कोटेशनं समोर मांडून प्रत्येक आयटमला त्यातल्या त्यात चांगला रेट उचलायचो ना, तसंच केलं. चार सामने, आठ संघ, प्रत्येकातून एकेक फलंदाज. यादी अशी देखणी की फ्रेम करून लावावी, आणि नंबर दर वेळी तळातला. तन्मय हसून हसून लोळायचा.

शेवटी त्याला माझी दया आली आणि त्याने समजावलं. बेसबॉलमध्ये एकाने फटका मारला तरी तो बेसवर, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर, जाऊन उभा राहतो. घरी, म्हणजे निघाला त्या जागी, परतून धाव पुरी व्हायला मागच्याचा फटका लागतो. माझे हिरो आपापल्या बेसवर ताटकळत, आणि त्यांना घरी आणणारे दुसऱ्यांच्या यादीत. म्हणून एकाच संघाचे, पाठोपाठ बॅटिंगला येणारे चौघे उचलायचे, आणि समोरून चेंडू टाकणारा पिचर कच्चा आहे ना ते बघायचं. मग एकाच फटक्यात धावणाऱ्यालाही गुण आणि त्याला आणणाऱ्यालाही. त्यातला एखादा साधासुधा असला तरी चालतो, कारण त्याच्या पुढेमागे कोण आहे यावर त्याचं मोल ठरतं. हे ऐकलं आणि मी चहाचा कप बाजूला ठेवला. मला तू आठवलीस.

फेब्रुवारी २००९. आपलं देरा भागातलं ऑफिस, बांधकामांच्या एस्टिमेशनला अकरा जणं. तू ड्रॉइंगवरून मापं काढायचीस, मी रेट लावायचे, आणि माझा रेट बघून तू तुझं चुकलेलं माप पकडायचीस. मंदी आली, तुला काढलं, आणि यादी वरून आली असं मी तुला सांगितलं. ती वरून आली नव्हती, अर्चना. सेक्शन माझ्याकडे होता, म्हणून साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून माझ्याशिवाय ठेवायची चार नावं मागितली होती. मी तक्ता केला, एकेकट्याला गुण दिले. तू एका गुणाने पाचवी आलीस. तो गुण मला वाढवता आला असता. पण मैत्रीण म्हणून ठेवली असं कोणी म्हणेल, या भीतीने मी माझ्या हाताने तुझं नाव खोडलं. नंतर एअरपोर्टवर तुझ्या गळ्यात पडून रडले. रडणं मात्र खरं होतं.

ठेवलेले चौघे हुशारच होते. पण एकाचं काम दुसऱ्याच्या हातात नीट जाईना. टेंडरं हुकत गेली आणि दीड वर्षात सेक्शन खलास. मी सगळ्यांना मंदीचं कारण सांगितलं. मंदी होतीच, पण तू असतीस तर मी अशी बेसवर अडकले नसते. मला माफ कर. लिहायलाही लाज वाटते, तरी लिहिते.

चौकडी घेतली म्हणजे दर वेळी जिंकतोच असं नाही हं. गेल्या शनिवारी पिचर असा फॉर्मात होता की चौघांनी मिळून भोपळा आणला. बुडायचं तर सगळ्यांनी एकदमच बुडायचं, हा त्यातला धोका. आज सकाळी मात्र चौघांनी एकाच डावात धावांचा पाऊस पाडला. आम्ही चक्क पहिले आलो.

आता विचारते. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये एका खोलीचं ऑफिस मिळतंय. तीन कंपन्या मापं आणि रेटचं काम बाहेर द्यायला तयार आहेत. पुण्यातली नोकरी सोडून पुन्हा इकडे ये असं म्हणायचा मला हक्क नाही, हे मला कळतं. बुडालो तर दोघी बुडू, तेही आधीच सांगते. लायसन्सचा फॉर्म सोबत पाठवतेय. भागीदारांच्या रकान्यात पहिलं नाव तुझं लिहिलंय, दुसरं माझं. खोडायचं असेल तर या वेळी तू खोड, दोन्हीपैकी कुठलंही.

तुझीच, अजूनही म्हणू दिलंस तर,
लतिका