वर म्हणजे कुठे, बाबा?

प्रिय बाबा,

आज जुन्या कागदांच्या कचऱ्याचा वार. तुमचा जावई मंदार वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होता. तुमच्या नकाशाची गुंडाळी उचलून म्हणाला, "हेही जाऊ दे?" मी हिसकावूनच घेतली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले.

काय हो हे तुमचं गाव! अमेरिकेचं वाळवंट, रेघेपलीकडे मेक्सिको आणि मध्ये तांबं वितळवायचा कारखाना. तुम्ही तिथे इंजिनिअर होतात तेव्हा मी पाळण्यात. मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. नकाशा तुमच्याही जन्माआधीचा, पण तळहाताच्या फोडासारखा जपलात.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती पुण्याला दादाकडे राहिली आणि तुम्हाला मी इथे जपानात, उरायासुला आणलं. खिडकीतून बघून म्हणालात, "अगं, इथे चढ कसा नाही कुठे?" समुद्रात भर घालून केलेली जमीन, चढ कुठून येणार!

मग तुम्हाला आठवेनासं झालं आणि एकच धोशा सुरू झाला, "मला वर जायचंय." चहा पिताना तेच, भर स्टेशनातही तेच! मी चिडायचे, "बाबा, अभद्र बोलू नका!" मंदारनं एकदा लिफ्टनं शेवटच्या मजल्यावर नेलं, तर "हे नव्हे" म्हणून परत आलात.

मला वाटायचं, माझ्याकडे इतके कंटाळलात की मरण मागताय. आईला असलं कोण सांगणार? हॉस्पिटलातही शेवटचं तेच बोललात. मी तुमच्या तोंडावर हात ठेवला.

आता आई इथेच असते. आज नकाशा उलगडला, तर तिनं एका टेकडीवर बोट ठेवलं. तिथे तुमच्या पेन्सिलीचा ठिपका. "हे वर," म्हणाली. "कारखाना खाली, आपण टेकडीवर. पाळी संपली की फोन करायचे, 'वर येतोय, चहा टाक.' घर कुणी म्हणायचंच नाही."

अहो बाबा, एकदा तरी 'घरी' म्हणायचं ना! की घर आणि मरण, दोन्ही म्हणायचं होतं? आणि माझं घर तुम्हाला घर वाटलंच नाही का हो? हे तर जास्तच लागतं. कुणाला विचारू?

नकाशा कुठेही जाणार नाही. आणि एक वचन देते. उद्या आई म्हणाली, "मला वर जायचंय," तर तिच्या तोंडावर हात ठेवणार नाही. आधी विचारीन, कुठे. आणि चहा टाकीन.

तुमची,
ठकू