श्रावणातला लसूण

बाबा, "जिच्या घरी लसूण खाल्लात, तिच्याकडंच राहा आता," असं आई तुम्हाला म्हणाली होती. श्रावण होता. कापडे गावातल्या आपल्या घरात कांदा-लसूण बंद, आणि तुम्ही नोकरीसाठी बिरवाडीला घेतलेल्या खोलीवरून आलात ते तोंडाला लसणाचा वास घेऊन. "बाई नाय गो, खानावळ हाय," तुम्ही हसून म्हणालात. "मग त्या खानावळीलाच कुंकू लावा!" ती फणकारली. त्यानंतर तुमचं ताट ती न बोलता वाढायची. मागच्या पडवीत तुम्ही मला तेवढं खरं सांगितलंत: गुरांच्या खुराकातली पांढरी पूड तुम्ही चाळता, ती अंगात गेली की श्वासाला असा वास येतो. "आईला बोलू नको. चिडू दे. घाबरली तर नोकरी सोडायला लावील."

आता महाडच्या कारखान्यात त्याच पुडीची तपासणी मी करते. सोडियम सेलेनाइट. दिसायला मिठासारखं, पाण्यात चटकन विरघळणारं, स्वतःला वास नसलेलं. काचेची हिरवी झाक घालवायला ते वापरतात, गुरांच्या खाद्यात अगदी कणभर घालतात. जनावराला ते लागतंच. थोडं जास्त झालं की तेच विष. अंगात गेलं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकू बघतं, तोच तो लसणाचा वास. तुमची नखं का तुटत होती, तेही मला आता कळतं.

आमच्याकडचा धूळ ओढणारा पंखा बंद पडलाय. साहेब म्हणतात, सण होऊ द्या, मग बघू. काल संध्याकाळी आईच्या डोळ्यांत थेंब घालायला मी वाकले, तर तिनं मान फिरवली. "लसूण खाल्लास गो? श्रावणात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "कँटीनमध्ये." ती म्हणाली, "बापावर गेलीस."

तुमच्या श्राद्धाचं पान ती अजून वाढते, पण तिथे थांबत नाही. तिला सांगितलं, तर तुमच्यावरचा डाग जाईल आणि त्याच क्षणी न बोलता वाढलेली ती सगळी ताटं तिच्या अंगावर येतील. नाही सांगितलं, तर सकाळी मी डबा घेऊन पुन्हा त्या धुळीत जाईन. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: मला तिच्या रडण्याची भीती वाटत नाही, ती मला अडवेल याची वाटते, आणि तिनं अडवावं असंही वाटतं.

ती चहा ठेवतेय. तुम्ही नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी विचारते, बाबा, सांगू द्या मला तिला.